बीपी आणि हार्ट फेल्युअरच्या गोळ्या: चिठ्ठी हातात पडल्यानंतर काय करावे आणि कोणत्या क्रमाने

रक्तदाबाची गोळी तापाच्या गोळीसारखी घेतली जाते, आणि बहुतेक घोटाळे तेथूनच सुरू होतात. डोके जड झाले की गोळी घ्यायची आणि बरे वाटले की बंद करायची. ‘आते बरं शे, मंग गोयी कशाले?’ हा प्रश्न खानदेशातील कितीतरी घरांत विचारला जातो. वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच जाणवू देत नाही, त्यामुळे बरे वाटण्यावरून तो आटोक्यात आहे की नाही हे ठरवता येत नाही. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे शरीराला लागते तेवढे रक्त पुढे ढकलण्यास हृदय कमी पडू लागते तेव्हा, हीच चूक अधिक महागात पडते. ज्या गोळीने सूज उतरून लगेच आराम पडतो ती रुग्ण सोडत नाही, आणि ज्या गोळ्यांमुळे हृदय महिनोन्‌महिने सावरत जाते त्या मात्र ‘काही फरक जाणवत नाही’ म्हणून बाजूला पडतात.

कोणते औषध द्यायचे आणि किती, हा निर्णय डॉक्टरांचाच आहे. त्यानंतर घरी करायच्या गोष्टींचा क्रम येथे दिला आहे.

टप्पा १: घरातील सगळी औषधे एका ठिकाणी आणा

नवी गोळी सुरू करण्यापूर्वी घरातील डबे, पिशव्या आणि देवघरातील कोनाडासुद्धा रिकामा करून सगळ्या स्ट्रिप एका ताटात मांडाव्यात. नेहमी दिसणारे एक उदाहरण घ्या. एका पिशवीत तालुक्याच्या डॉक्टरांनी लिहिलेली एक स्ट्रिप आहे आणि जळगावच्या तज्ज्ञांनी लिहिलेली दुसरी. दोन्हींची ठळक नावे निराळी आणि रंग निराळे. पण ठळक नावाखालची बारीक ओळ वाचली तर पहिलीत टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आहे आणि दुसरीत टेल्मिसार्टन ४० अधिक अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. रुग्ण दोन्ही घेतो, म्हणजे टेल्मिसार्टन दुप्पट जाते, आणि मग सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी का येते हे कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून कंपनीचे नाव नव्हे, तर आतला घटक वाचायचा. नावापुढे ‘एएम’, ‘एच’ किंवा ‘सीटी’ अशी अक्षरे असतील तर त्या गोळीत बहुधा दुसरे औषधही मिसळलेले असते. एका कागदावर प्रत्येक औषधाचा घटक, त्याचे मिलिग्रॅम, घेण्याची वेळ आणि ते कोणी लिहून दिले हे मांडावे. गुडघेदुखीची गोळी, सर्दीची गोळी, काढा, चूर्ण आणि वैदूकडील पुडीही त्याच यादीत लिहावी. ही यादी प्रत्येक भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावी. किडनीचा त्रास, दमा, पूर्वी एखाद्या गोळीने आलेला खोकला किंवा ओठांची सूज, या गोष्टी विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगाव्यात.

*खबरदारी:* रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन आणि लोसार्टन या गटांतील औषधे गर्भाला अपाय करतात. घरातील सून किंवा मुलगी ही औषधे घेत असेल आणि दिवस गेले असतील किंवा मुलाचा विचार असेल, तर डॉक्टरांना त्वरित कळवावे, म्हणजे ते औषध बदलून देतात.

टप्पा २: रक्तदाब नीट मोजायला शिका

चुकीच्या मोजणीवर वाढवलेली किंवा कमी केलेली मात्रा चुकीचीच ठरते. यंत्र दंडाला पट्टा बांधण्याचे असावे, मनगटाचे नको. पट्टा दंडाच्या घेराला साजेसा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच वाढलेला येतो.

१. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू, मिश्री आणि कष्टाचे काम टाळावे. लघवी करून यावे.

२. पाठ टेकून आणि पाय जमिनीवर सपाट ठेवून खुर्चीत बसावे. खाटेवर मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून बसू नये. पाच मिनिटे शांत राहावे.

३. बाही गुंडाळून दंडावर आवळू देण्यापेक्षा हात बाहीतून काढावा. पट्टा उघड्या दंडावर बांधून हात टेबलावर, छातीच्या उंचीला ठेवावा.

४. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. मोजताना बोलू नये, फोनवर तर नाहीच.

५. सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी जेवणापूर्वी, असे सात दिवस मोजून सगळे आकडे तारखेसह लिहावेत. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी.

दवाखान्यात १४०/९० आणि घरच्या सरासरीत १३५/८५ किंवा त्याहून अधिक आल्यास रक्तदाब वाढलेला मानतात. उपचार सुरू असताना नेमका किती हवा, हे वय, किडनी आणि मधुमेह पाहून डॉक्टर ठरवतात. पुष्कळ रुग्णांसाठी ते १३०/८० च्या खाली असे ठरते.

*तपासा:* उठल्यावर चक्कर येत असेल तर बसून मोजल्यानंतर उभे राहून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर ते डॉक्टरांना कळवा.

टप्पा ३: आपली प्रत्येक गोळी काय करते ते समजून घ्या

ज्या गोळीचे काम माहीत नसते ती सर्वांत आधी सुटते, म्हणून हा टप्पा मी सविस्तर लिहीत आहे. केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या क्षाराने अरुंद झाल्या की पंपाला जास्त जोर लावावा लागतो आणि तो तापतो. हृदय आणि रक्तवाहिन्यांचे नातेही तसेच आहे. रक्तदाब हृदय किती रक्त ढकलते, वाहिन्या किती आवळलेल्या आहेत आणि किडनी किती मीठ-पाणी धरून ठेवते या तीन गोष्टींवर ठरतो. गोळ्या यांपैकी कशाला तरी हात घालतात, आणि म्हणूनच अनेकांना एकाऐवजी दोन-तीन गोळ्या लागतात. तीन गोळ्या म्हणजे आजार तिप्पट, असा अर्थ मुळीच नाही.

अॅम्लोडिपिन आणि सिल्निडिपिन वाहिन्यांच्या भिंतीतील स्नायू सैल करतात. अॅम्लोडिपिनने घोट्याजवळ सूज येऊ शकते. ही सूज शरीरात पाणी साठल्यामुळे नसते, त्यामुळे लघवी वाढवणाऱ्या गोळीने ती फारशी उतरत नाही. मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे हा त्यावरचा उपाय आहे.

रामिप्रिल आणि एनालाप्रिल, तसेच टेल्मिसार्टन आणि लोसार्टन, हे दोन जवळचे गट आहेत. वाहिन्या आवळणारे आणि किडनीला मीठ धरून ठेवायला लावणारे अँजिओटेन्सिन नावाचे संप्रेरक ते निष्प्रभ करतात. पहिल्या गटाने काही जणांना कोरडा, ढासणारा खोकला लागतो. त्यावर कफ सिरप पिऊन महिने काढण्यापेक्षा डॉक्टरांना सांगावे. ते बहुधा दुसऱ्या गटातील गोळी देतात. दोन्ही गटांतील गोळ्या एकत्र घ्यायच्या नसतात.

क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड आणि हायड्रोक्लोरोथायझाइड या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किडनीतून मीठ बाहेर टाकतात. फ्युरोसेमाइड आणि टोर्सेमाइड हेच काम फार जोराने करतात, म्हणून हार्ट फेल्युअरमध्ये फुप्फुसांत आणि पायांत साठलेले पाणी उतरवण्यासाठी ती दिली जातात. रुग्णाला लगेच आराम पडतो तो यांच्यामुळे.

हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झाली असेल, म्हणजे टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालात ईएफ, म्हणजे डाव्या कप्प्यातील रक्तापैकी दर ठोक्याला बाहेर जाणारा वाटा, ४० टक्के किंवा त्याखाली असेल, तेव्हा चार प्रकारची औषधे पायाभूत मानली जातात. मेटोप्रोलॉल सक्सिनेट, बिसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल हृदयाचे ठोके कमी करून ताणाच्या संप्रेरकांपासून त्याला वाचवतात. सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन, किंवा त्याऐवजी रामिप्रिलच्या अथवा टेल्मिसार्टनच्या गटातील औषध, हृदयावरील भार उतरवते. स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन हृदयात तंतू वाढण्याला आळा घालते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन मूळची मधुमेहाची औषधे असली तरी मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांनाही उपयोगी पडतात. म्हणून ‘मला साखर नाही, ही गोळी चुकून दिली’ असे समजून ती टाकून देऊ नये. ही चारही औषधे मिळून आयुष्य वाढवतात, पण घेतल्या दिवशी काहीच जाणवत नाही. बीटा ब्लॉकरने, म्हणजे मेटोप्रोलॉलच्या गटाने, पहिले काही आठवडे थकवाही वाटतो. नेमकी हीच गोळी लोक सोडतात आणि फ्युरोसेमाइड तेवढे चालू ठेवतात. असे करू नका.

*खबरदारी:* रामिप्रिल किंवा एनालाप्रिल बंद करून सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन सुरू करायचे असेल, तर मध्ये ३६ तासांचे अंतर हवे. जुनी स्ट्रिप घरात ठेवू नका. दोन्ही एकत्र घेतल्यास ओठ, जीभ आणि घसा सुजून श्वास अडू शकतो.

टप्पा ४: वेळ ठरवा आणि ती पाळा

गोळीची वेळ रोजच्या न चुकणाऱ्या कामाला जोडावी: सकाळचा चहा, गुरांचे दूध काढणे, रात्रीचे जेवण. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घ्यावी, आणि दिवसात दुसरी मात्रा असेल तर ती दुपारी चारच्या आत, नाहीतर रात्रभर उठावे लागते आणि अंधारात पडण्याची भीती राहते. बाजाराच्या किंवा लग्नाच्या दिवशी प्रवासात लघवीची अडचण होईल म्हणून ही गोळी टाळणारे पुष्कळ आहेत. त्या दिवशी ती घरी पोहोचल्यावर, पण दुपारीच, घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

कार्व्हेडिलॉल जेवणासोबत घ्यावे. मेटोप्रोलॉल सक्सिनेट हळूहळू विरघळणारी गोळी आहे. ती चावू नये आणि कुटू नये. अर्धी घ्यायची असल्यास मधल्या खाचेवरच मोडावी.

टप्पा ५: पहिल्या आठवड्यांत घाई करू नका आणि तपासणी चुकवू नका

रक्तदाबाच्या गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे जातात. चौथ्या दिवशी आकडा उतरला नाही म्हणून डॉक्टर बदलणे आणि नवी गोळी जुनीवर चढवणे, हा आपल्याकडचा फार मोठा दोष आहे.

हार्ट फेल्युअरमध्ये मात्रा लहान ठेवून सुरुवात करतात. कार्व्हेडिलॉल ३.१२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, अशा अगदी बारीक मात्रेपासून, रुग्णाला सोसेल तसे साधारण दोन आठवड्यांनी वाढवत नेतात. म्हणून प्रत्येक भेटीत चिठ्ठी बदलते. जुनीच चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवून सहा महिने तीच गोळी घेत राहिले, तर रुग्ण औषधाच्या उंबरठ्यावरच थांबतो. मात्रा पुरेशी झाल्यावर तीनेक महिन्यांनी पुन्हा इको करून ईएफ किती सुधारला ते पाहतात.

रामिप्रिल, टेल्मिसार्टन, सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन सुरू केल्यावर अथवा वाढवल्यावर एक ते दोन आठवड्यांत रक्तातील क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारा आकडा), सोडियम आणि पोटॅशियम तपासावे लागते. क्रिएटिनिन थोडे वाढणे अपेक्षित असते, तेवढ्यावरून घाबरून औषध थांबवू नये. पोटॅशियम ५.५ च्या वर आले, तर मात्र अहवाल त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा, कारण ते फार वाढल्यास हृदयाची लय बिघडते.

*तपासा:* मात्रा बदलली त्या दिवसाची तारीख आणि पुढील रक्ततपासणीची तारीख वहीत शेजारी शेजारी लिहिली आहे का?

टप्पा ६: हार्ट फेल्युअर असल्यास रोज वजन लिहा

सकाळी उठून लघवी झाल्यावर, काही खाण्यापूर्वी, तेवढ्याच कपड्यांत आणि त्याच काट्यावर वजन करावे. काटा सपाट फरशीवर ठेवावा. शेणाने सारवलेल्या उंचसखल जमिनीवर आकडा फिरतो. दोन-तीन दिवसांत दीड ते दोन किलो वजन वाढले तर ती चरबी नाही, साठलेले पाणी आहे. पायांची सूज पुष्कळदा त्यानंतर दिसते आणि दम त्याहून उशिरा लागतो, म्हणजे वजनाचा काटा आपल्याला काही दिवस आधी सावध करतो. त्याच दिवशी फोन करावा. काही डॉक्टर ‘वजन इतके वाढले तर लघवीची गोळी एवढी जादा’ असे आधीच लिहून देतात. तसे लिहून घेतले असेल तरच जादा गोळी घ्यावी.

टप्पा ७: स्वयंपाकघर आणि इतर औषधे

दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. भाजीतले मीठ कमी केले तरी खानदेशी ताटात ते इतर वाटांनी येते: पापड, बिबडे, कुरडया, लोणचे, शेवभाजीतील शेव. पापडखारातही सोडियम असते. माझ्या मते मीठ कमी करण्याची सुरुवात भाजीपासून न करता तोंडी लावण्याच्या पदार्थांपासून करावी. भरीत आणि कळण्याची भाकरी सोडण्याची गरज नाही. भरितात मीठ बेताचे घालावे आणि सोबतचे लोणचे वगळावे.

केळ्यांबद्दल रावेर, यावल आणि चोपड्याच्या रुग्णांना विशेष सांगायला हवे, कारण तेथे केळी विकत आणावी लागत नाहीत आणि दिवसाला सहा-सात सहज खाल्ली जातात. मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोन आणि टेल्मिसार्टनच्या जातीची औषधे पोटॅशियम शरीरात राखून ठेवतात, आणि किडनी अशक्त असेल तर ते साचत जाते. केळे वर्ज्य नाही. रक्तातील आकडा पाहून किती चालतील ते विचारावे. ‘लो सोडियम’ म्हणून विकले जाणारे मीठ मात्र या औषधांवर असताना डॉक्टरांना न विचारता वापरू नये, कारण त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. शहाळ्याच्या पाण्यातही पोटॅशियम भरपूर असते.

अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेणे, हे रुग्णालयात पुन्हा भरती होण्याचे मोठे कारण आहे. या गोळ्या शरीरात मीठ-पाणी अडवतात, रक्तदाब वाढवतात आणि किडनीला इजा करतात. कापूस वेचून कंबर धरली तर पॅरासिटामॉलबद्दल विचारावे. मात्र पाण्यात फसफसणारी गोळी नको, तिच्यात सोडियम असते. नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, स्टेरॉइड आणि जास्त प्रमाणातील ज्येष्ठमध यांनीही रक्तदाब वाढतो.

टप्पा ८: ऊन, जुलाब, उपवास आणि पायी यात्रा

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. घामाने मीठ आणि पाणी जाते, लघवीची गोळी त्यात भर घालते आणि रक्तदाब एकदम उतरतो. उन्हाळा लागण्यापूर्वीच्या भेटीत दोन प्रश्न विचारावेत: माझी मात्रा कमी करायची का, आणि दिवसाला पाणी किती प्यायचे? हार्ट फेल्युअरमध्ये काहींना पाण्याची मर्यादा घालून दिलेली असते. ती मे महिन्यातही तेवढीच ठेवायची की नाही, हे आपल्या मनाने ठरवू नये.

उलट्या-जुलाब सुरू झाले आणि पोटात पाणी ठरत नसेल, तर लघवीची गोळी, रामिप्रिल-टेल्मिसार्टनचा गट, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिन यांपैकी काही तात्पुरते थांबवावे लागते. कोणते थांबवायचे आणि पुन्हा कधी सुरू करायचे, हे निरोगी असतानाच चिठ्ठीवर लिहून घ्यावे. श्रावणातील किंवा नवरात्रातील कडक उपवासातही डापाग्लिफ्लोझिनबद्दल विचारावे, कारण पोट रिकामे असताना त्याने रक्तात आम्ल वाढू शकते. मोतीबिंदूसह कोणतीही शस्त्रक्रिया ठरली असेल, तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगावे.

चैत्रात सप्तशृंगी गडाकडे पायी निघणाऱ्यांपैकी अनेक जण बीपीच्या गोळ्यांवर असतात. ईएफ कमी असलेल्या रुग्णाने ही चाल करू नये, गाडीने जावे. इतरांनी डॉक्टरांना विचारून निघावे, सकाळी लवकर आणि संध्याकाळीच चालावे आणि गोळ्या सामानाच्या गाडीत न ठेवता अंगावरच्या पिशवीत ठेवाव्यात.

टप्पा ९: गोळी चुकली किंवा संपली तर

त्याच दिवशी आठवले तर घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दुप्पट कधीही घेऊ नये. लघवीची गोळी रात्री आठवली तर दुसऱ्या दिवशीचीच घ्यावी.

बीटा ब्लॉकर आणि क्लोनिडिन (रक्तदाबाचे आणखी एक औषध) एकाएकी बंद केल्यास रक्तदाब आणि ठोके उसळतात. बीटा ब्लॉकर सुटल्याने हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. म्हणून घरात निदान दोन आठवड्यांचा साठा असावा. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर पावसाळ्यात, किंवा ऊसतोडीसाठी गुजरातेत जाताना, तो दोन महिन्यांचा मागून घ्यावा आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाची औषधे मोफत मिळतात, आणि जनऔषधी केंद्रात तोच घटक स्वस्तात मिळतो. गोळीचा रंग बदलला तरी घटक आणि मिलिग्रॅम जुळतात का तेवढे पाहावे.

टप्पा १०: वाट न पाहता केव्हा निघावे

छातीत दडपण, आडवे झाल्यावर लागणारा दम, फेसाळ थुंकी, बेशुद्धी, तोंड वाकडे होणे, एका बाजूची ताकद जाणे, बोलणे अडखळणे, ओठ-जीभ सुजणे: यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. दम लागलेल्या रुग्णाला झोपवू नये, बसवून ठेवावे.

यंत्रावर १८०/१२० किंवा त्याहून अधिक आकडा आला पण वरील कोणतेही लक्षण नसेल, तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे, आजची गोळी चुकली आहे का ते पाहावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. अशा वेळी शेजाऱ्याने दिलेली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकू नये. रक्तदाब एकदम कोसळून मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. दवाखान्यात निघताना टप्पा १ मधील यादी, वजन आणि रक्तदाबाची वही आणि शेवटचा इको अहवाल एकाच पिशवीत घालून न्यावा.